दुसरा कोण?

ड्रमचं बूच काढलं की मी आधी नाकाला विचारतो, आणि नाकानं उत्तर दिलं की त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्या धंद्यातली अक्कल म्हणायची तर एवढीच. बाकी सगळा आरडाओरडा. कळमन्याला माझं गोदाम आहे. थिनर, ॲसिटोन, ॲसिटेट, ॲसिड असला माल ड्रमनं येतो आणि ड्रमनं जातो. माल पाठवणारे पाठीमागे मला खवीस म्हणतात. भाव करताना मी टेबलावर हात आपटतो, अर्ध्यावर उठून जातो, आणि समोरचा फाटकापर्यंत पोचला की परत हाक मारतो. पण भेसळीचा ड्रम माझ्याकडे उतरवायची हिंमत आजवर कोणाची झाली नाही. आणि ही अक्कल ज्या माणसानं दिली, त्याचं नाव सत्तावीस वर्षं मी माझ्या घरात कोणाला आदरानं काढू दिलं नाही.

ते कॉलेजात आम्हाला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायचे. राहणार महाल वस्तीतले, जुन्या कारकुनी घरातले. उंच, वाळके, शर्टाला ॲसिडच्या थेंबांनी पडलेली भोकं. नवीन शर्टालाही आठवड्यात भोकं पडायची, म्हणून त्यांच्या बायकोनं म्हणे कॉलेजचे शर्ट आणि माणसांतले शर्ट अशी घरात वाटणीच केली होती. पण सर दोन्हीकडे कॉलेजचेच घालून जायचे. एका लग्नात मी त्यांना तशाच भोकाच्या शर्टात पंगतीला बसलेलं पाहिलं आहे. वाढपी भाताचं ताट घेऊन आला तर त्याला विचारत होते, "आंबूस वास तर येत नाही नं गा याला? तू सांग, मला कळत नाही."

खरंच कळत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुठल्याशा बाटलीवर वाकून त्यांनी खोल श्वास घेतला होता, आणि तेव्हापासून त्यांच्या नाकाला कसलाच वास येत नव्हता. हे ते लपवत नसत. उलट वर्षाच्या पहिल्या तासाला रिकामी बाटली हातात धरून, दुसऱ्या हातानं वास आपल्याकडे हलकेच कसा ओढायचा ते दाखवायचे आणि म्हणायचे, "असं नाही केलं तर माझ्यासारखं होतं. बायको म्हणते, दूध करपलं, आणि मी म्हणतो, छान झालंय."

केमिस्ट्रीचं पुस्तक ते क्वचित उघडायचे. फळ्यावर कार्बनची लांबच लांब साखळी काढायचे आणि तिच्या टोकाला एक छोटासा ग्रुप लटकवायचे. "ही साखळी म्हणजे अंग," ते म्हणायचे. "अंग मोठं आहे की बारीक, आपल्याला काय करायचंय? लग्न जमवून राहिलो का आपण? टोकाला काय लटकलंय ते पाहा. फंक्शनल ग्रुप म्हणजे स्वभाव. स्वभाव ओळखला की हा पदार्थ कोणाशी भांडेल, कोणाशी जमवून घेईल, सगळं सांगता येतं."

मग ते माणसांवर घसरायचे. प्रिन्सिपल म्हणजे किटोन. दोन्ही बाजूंनी धरलेला, स्वतःहून काही करता येत नाही. ऑफिसातले हेडक्लार्क अमाइन, लांबूनच वासानं कळतात. स्वतःच्या घराबद्दल विचारलं तर म्हणायचे, "आमच्याकडे एस्टर झालेलं आहे. ॲसिड मी. गोड वास येतो म्हणतात, तो तिच्यामुळे."

मला त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात नाव ठेवलं. प्रॅक्टिकलला माझी जागा कोणीतरी घेतली म्हणून मी भांडण काढलं होतं, कॉलर धरण्यापर्यंत. सर आले, शांतपणे मला बाजूला नेलं आणि म्हणाले, "तू अल्डिहाइड आहेस बे. नुसती हवा लागली तरी तुझं ॲसिड होतं." वर्ग हसला. मी तापलो होतोच, अजून तापलो. तेव्हा ते जाता जाता म्हणाले, "पण चांदीचा आरसाही अल्डिहाइडच देतो. किटोनला जन्मात जमत नाही." नंतर ती टेस्ट मी स्वतः केली. परीक्षानळीच्या आतल्या काचेवर चांदी चढत गेली आणि तिच्यात माझं तोंड दिसलं. ती नळी मी किती तरी दिवस धुतली नाही.

त्यांच्या लॅबमध्ये खिडकीखाली एक फळी होती. तिला ते पोरकी मंडळी म्हणायचे. ज्या बाटल्यांची लेबलं झुरळांनी खाल्ली, ॲसिडनं जाळली किंवा ओलीनं गळून पडली, त्या सगळ्या तिथं. दुसऱ्या कॉलेजात असल्या बाटल्या सरळ फेकून देत असतील. सर फेकू द्यायचे नाहीत. "नाव गेलं म्हणून स्वभाव गेला का?" असं म्हणून वर्षभरात एकेका पोराला एकेक बाटली द्यायचे. त्यानं टेस्ट करून ती ओळखायची. ओळखली की सर स्वतः पेन्सिलनं नवीन लेबल लिहायचे: पदार्थाचं नाव, त्यातले ग्रुप, खाली ओळखणाऱ्याचं नाव, आणि शेवटच्या ओळीत त्याच्याच शब्दांत वास. या लेबलाचा एक नियम होता. ज्यानं ओळखलं त्यानं लेबल लिहायचं नाही. एकदा मीच खिशातून पेन काढला तर हातावर चापट बसली. "ओळखणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. दोघांना पटलं तरच लेबल. नाही तर जो तो आपल्याच हातानं आपलं खरं लिहील."

माझं आणि सरांचं जमलं ते या फळीवरून. माझा बाप कळमन्याच्या मिरची बाजारात हमाल होता. लहानपणापासून सकाळी मी तिथंच असायचो. कोणतं पोतं ओलं, कोणत्यात जुना माल, हे मला पोतं न उघडता कळायचं. भाव करायला मी तिथंच शिकलो आणि नाकही तिथंच घडलं. सरांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उपाशी माणसापुढे कोणी ताट ठेवावं तसा. त्या दिवसापासून बाटली उघडली की ते मला हाक मारायचे.

"ये इकडे. काय म्हणून राहिलं बे तुझं नाक?"

"अमाइन वाटते सर."

"ते मी टेस्टनं काढीन. वास कसा ते सांग."

"मिरचीच्या पोत्याखाली उंदीर मरून चार दिवस झाल्यावर येतो तसा."

ते डोळे मिटून हसायचे आणि लेबलावर शब्दन् शब्द तसाच उतरवायचे. दोन वर्षांत नऊ बाटल्यांवर माझं नाव लागलं. ॲसिटिक ॲसिडच्या बाटलीवर लिहिलं होतं, ‘लोणच्याची बरणी, झाकण उडाल्यावर.’ एका एस्टरच्या बाटलीवर, ‘केळ्याच्या गाडीवर दुपारी पाणी मारल्यावर.’ हमालाच्या पोराचे शब्द कोणी कागदावर उतरवून घेतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

पण नाकानं सांगितलेलं ते मानायचे मात्र नाहीत. मी कितीही छातीठोक सांगितलं तरी ओळीनं टेस्ट करायला लावायचे. लिटमस, मग खायचा सोडा, मग फेरिक क्लोराइड, मग पुढच्या. बाटल्यांचा क्रम ठरलेला. कोणी इकडची तिकडे ठेवली तर ओरडायचे. आणि एक ग्रुप सापडला, आपण आनंदानं वर पाहिलं, की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा.

"बरं. दुसरा कोण?"

"दुसरा नाही आहे सर."

"नाही आहे, की पाहिला नाही?"

दुसरा बहुतेक वेळा नसायचाच. तरी प्रत्येक वेळी विचारायचे. आम्ही त्यांची नक्कल करायचो; कॅंटीनमध्ये एक समोसा संपला की, बरं, दुसरा कोण?

आता माझी तक्रार सांगतो. ही मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितली आहे की तोंडपाठ आहे.

शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. प्रत्येकाला एका नळीत बिननावाचा पदार्थ, आणि तो ओळखायचा. बाहेरगावचे परीक्षक आले होते. सरांनी माझी ओळख करून दिली, "हे आमचं नाक." मी नळीचं बूच काढलं, हातानं वास ओढला आणि मला विचार करावाच लागला नाही. बापाची पाठ! रोज संध्याकाळी पोती वाहून आलेला बाप पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला दुखण्यावरचं मलम चोळायचो. तोच वास. मिथाइल सॅलिसिलेट. मी उत्तरपत्रिकेवर नाव लिहिलं, ग्रुप लिहिला एस्टर, आणि सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिलो. बाहेरच्या परीक्षकांनी पाहिलं आणि म्हणाले, "नाव बरोबर आहे. काय हवं अजून?" सर म्हणाले, "नाही. टेस्ट एकही नाही केलेली. मी नाही देणार याला मार्क." परका माणूस पास करायला तयार, आणि माझाच माणूस आडवा आला. दोन वर्षं माझं नाक वापरलं आणि ऐन वेळी मला शून्य दिलं. मी नापास झालो, कॉलेज सुटलं, ते सुटलंच.

ही तक्रार मी अशीच सांगत आलो. ऐकणारा प्रत्येक जण म्हणायचा, फार वाईट केलं राव त्यांनी. एक माझा बाप तेवढा तसं म्हणाला नाही. त्या दिवशी घरी आलो तर त्यानं विचारलं, "काहून गा, तोंड उतरलं?"

"मास्तरनं अडवलं."

"मास्तर कायले अडवीन तुले? तूच काही तरी करून आला असशीन."

"बरोबर उत्तर लिवलं होतं म्या."

"मंग जाय, आन पुस त्याइले. कळत नसन तं पाया पड."

"मी काहून पाया पडू?"

बाप पालथा पडला. त्या संध्याकाळी मी मलम लावलं नाही.

महिन्याभरानं सरांचं कार्ड आलं. पेन्सिलनं लिहिलेल्या दोन ओळी: ‘ऑक्टोबरमध्ये परत परीक्षा आहे. दुसरा कोण, ते सांगून जा.’ मला ती चेष्टा वाटली. मी कार्ड फाडलं आणि तुकडे बाजारात मिरचीच्या देठांत टाकले.

धंद्यात पडलो तो थिनरचे डबे दारोदार विकण्यापासून. पहिल्याच वर्षी एकानं मला ॲसिटेटचे चार ड्रम स्वस्तात देऊ केले. वास अस्सल, फळासारखा गोड. भाव ठरला, हात मिळवले, आणि माल उतरवायच्या आधी माझ्याच तोंडून बाहेर पडलं, "बरं, दुसरा कोण?" तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. मी थोडा माल नळीत घेऊन अल्कोहोलच्या टेस्टचा थेंब टाकला. नळी लाल झाली. अर्ध्याहून जास्त स्पिरिट होतं, वरून वासापुरतं ॲसिटेट. त्या दिवशी मी बुडता बुडता वाचलो. त्यानंतर माझ्या टेबलावर ड्रॉपरच्या बाटल्या कायमच्या आल्या. हे कोणाकडून शिकलो असं कोणी विचारलं, तर मी सांगायचो, अनुभवातून.

चार-पाच वर्षांपूर्वी सर माझ्या गोदामात आले.

जुन्या स्कूटरवरून आले होते, हुडकेश्वरहून. रिटायर झाल्यावर महाल सोडून तिकडे फ्लॅटमध्ये राहायला गेले हे मला कोणीतरी सांगितलं होतं. अजून वाळले होते. शर्टाला भोकं होतीच. मी लांबूनच ओळखलं आणि ओळख दाखवली नाही.

"फेरिक क्लोराइड मिळेल?" त्यांनी विचारलं.

"किती?"

"पाव लिटर झालं तरी पुष्कळ."

"हे होलसेल आहे. कॅनच्या खाली देत नाही."

"कॅनचं मी काय करू बाबा? थेंबाथेंबानं लागतं मला."

"मग शहरात पाहा. किरकोळवाले आहेत तिकडे."

ते गेले नाहीत. ड्रमच्या रांगांकडे पाहत उभे राहिले. मी बसा म्हटलं नाही. खुर्ची रिकामी होती.

"चांगलं केलं आहेस," ते म्हणाले.

"डिग्रीशिवाय केलं."

"हो. दिसून राहिलं आहे." मग ड्रमवरची नजर काढून, "माल कसा तपासतोस? नाकानं?"

मी कसलं तरी चलान शोधायला लागलो. ते दोन पावलं पुढे आले आणि माझ्या टेबलाकडे वाकून पाहिलं. तिथं बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. लिटमस, खायचा सोडा, फेरिक क्लोराइड, आणि पुढच्या. फेरिक क्लोराइडची बाटली काठोकाठ भरलेली होती. त्यांना हवं होतं त्याहून जास्तच असेल तिच्यात. हात लांब केला असता तर मी ती त्यांना देऊ शकलो असतो.

"क्रम बरोबर आहे," ते म्हणाले, आणि स्कूटरकडे गेले. दोन किकमध्ये ती सुरू झाली नाही, तिसऱ्या किकला झाली. मी फाटकापर्यंत गेलेल्या माणसाला हाक मारणारा माणूस. त्या दिवशी मारली नाही.

घरी येऊन मी बायकोला हे फुशारकीनं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आणि असं करून काय मिळालं वं तुम्हाले?" वं बाईमाणसाला म्हणतात, मी चिडलो की ती मुद्दाम मला म्हणते. मी ताटावरून उठलो.

गेल्या हिवाळ्यात एक फोन आला. बाईचा आवाज, वय झालेला. "मी सरांची बायको बोलून राहिले. तुझा नंबर त्यांच्या वहीत होता, म्हणून केला. सर गेले रे. महिना होऊन गेला." मी नुसतं ‘हो’ म्हणालो. त्या पुढे म्हणाल्या, "मी मुलीकडे जाते आहे कायमची. सामान निघालं सगळं. पण त्यांच्या बाटल्या कोणी न्यायला तयार नाही. रद्दीवाला हात लावत नाही, कचऱ्याची गाडी घेत नाही. तू त्यातला माणूस आहेस. येशील का?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. जाताना ठरवलं होतं की बाटल्या उचलायच्या, चहा घ्यायचा नाही, बोलायचं नाही.

फ्लॅट जवळजवळ रिकामा होता. मागच्या गॅलरीत, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून पत्रा मारलेला, त्याच्याखाली ती फळी. कॉलेजनं जुनी लॅब मोडली तेव्हा पोरकी मंडळी ते घरी घेऊन आले होते. साठ-सत्तर बाटल्या, प्रत्येकीवर पेन्सिलचं लेबल. मी एकेक उचलून खोक्यात ठेवायला लागलो. ओळखीची नावं यायला लागली. कोणी आता मौद्याच्या वीज केंद्रात आहे, कोणी मास्तर झाला. मग माझ्या बाटल्या. लोणच्याची बरणी, झाकण उडाल्यावर. मिरचीच्या पोत्याखाली उंदीर. अक्षर पुसट झालं होतं, तरी वाचता येत होतं.

काकूंनी चहा आणला, मी घेतला.

"तुझ्याकडे येऊन गेले नं ते एकदा?" त्या म्हणाल्या.

माझा हात थांबला. "हो."

"दोन दिवस तेच सांगून राहिले होते. त्याच्या टेबलावर सगळ्या बाटल्या ओळीनं लावल्या आहेत गं, म्हणे, एकही इकडची तिकडे नाही. मी म्हटलं, ज्याच्यासाठी गेले ते फेरिक क्लोराइड काहून नाही आणलं? तर म्हणाले, त्याला लागेल तेव्हा तोच घेऊन येईल."

"मी दिलं नाही, काकू."

"तेही सांगितलं त्यांनी." त्यांनी माझा कप उचलला. "म्हणाले, अजून रागावलेला आहे. बरं झालं म्हणाले, म्हणजे विसरला नाही."

मी खोक्यात बाटल्या भरत राहिलो. त्या दारात उभ्या राहिल्या होत्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी परीक्षेत तुझ्याकडे चाळीस मिनिटं होती म्हणायचे ते. खरं आहे का रे?"

माझी तक्रार मी जिथं संपवत आलो, तिथं ती संपत नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बापालाही नाही, बायकोलाही नाही. सरांनी मार्क देणार नाही म्हटलं ते खरं. पण त्यानंतर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं होतं. "अजून चाळीस मिनिटं आहेत. जा, टेबलावर जा. एस्टर बरोबर आहे. दुसरा कोण?" बाहेरच्या परीक्षकांसमोर ते जवळजवळ उत्तरच सांगत होते. मिथाइल सॅलिसिलेटमध्ये दोन ग्रुप असतात. एस्टर असतो आणि कार्बनच्या त्याच रिंगणावर शेजारी फिनॉल असतो. फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकला असता तर नळी जांभळी झाली असती. माझ्या टेबलावर तिसऱ्या नंबरला ती बाटली उभी होती. थेंबाला किती वेळ लागतो?

मी म्हणालो होतो, "नाव बरोबर आहे तर बरोबर आहे. तुमचा हमाल नाही मी." नळी त्यांच्या टेबलावर आपटून ठेवली आणि निघून आलो. शून्य मला त्यांनी दिलं नव्हतं. टेस्टचा रकाना मीच कोरा ठेवून आलो होतो.

"खरं आहे काकू," मी म्हणालो. "चाळीस होती."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर; एक जुना हिशोब जुळला एवढंच. "ऑक्टोबरात तुझ्यासाठी टेबल मांडून ठेवलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत थांबले. घरी आले ते बाटली घेऊनच. ती बघ, कोपऱ्यातली."

फळीच्या अगदी टोकाला, भिंतीला टेकून, एक लहान तपकिरी बाटली होती. मी ती उजेडात धरली. इतर लेबलांसारखंच लेबल, तेच अक्षर. वर पदार्थाचं नाव. खाली, ‘ग्रुप एक: एस्टर.’ त्याच्या खाली, ‘ग्रुप दोन:’ आणि पुढे मोकळी जागा. मग माझं नाव. शेवटच्या ओळीत, ‘वास: बापाच्या पाठीचा.’

उत्तरपत्रिकेत कोपऱ्यात मी हे शब्द लिहिले होते. मी विसरलो होतो.

खोकी गाडीत टाकली. ती बाटली शर्टाच्या खिशात ठेवली. काकूंना वाकून नमस्कार केला, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "फेकून देशील नं नीट, कोणाला लागणार नाही असं?" बाकीच्या बाटल्या मी फेकल्या नाहीत. त्या आता माझ्या गोदामात खिडकीखाली आहेत.

गोदामात पोचलो तेव्हा दुपार झाली होती, समोर ड्रम उतरत होते. माल घेऊन आलेला माणूस भावासाठी ताटकळत उभा होता. त्याला मी थांब म्हटलं. खिशातली बाटली काढली, बूच सैल केलं आणि हातानं वास ओढला. एवढ्या वर्षांत जरासुद्धा उतरला नव्हता. बाप जाऊन बारा वर्षं झाली. तो टेबलाच्या पलीकडे पालथा पडलेला आहे असं वाटलं.

नळीत थोडं स्पिरिट घेतलं, त्यात बाटलीतले दोन थेंब. तिसऱ्या नंबरची ड्रॉपरची बाटली उचलली. एक थेंब सोडला. नळी जांभळी झाली. खालपासून वरपर्यंत, एकाच क्षणात. काही सेकंदसुद्धा लागले नाहीत.

"फिनॉल, सर," मी म्हणालो. जोरात म्हणालो असेन, कारण ड्रम उतरवणारे हमाल वळून पाहायला लागले. माल घेऊन आलेला माणूस म्हणाला, "शेठ, काही खराबी निघाली का मालात?"

मी लेबल समोर धरलं. ‘ग्रुप दोन:’ आणि पुढची मोकळी जागा. टेबलावरची पेन्सिल घेतली, टोक केलं, कागदावर टेकवलं. मग उचलून परत ठेवली. ओळखणाऱ्यानं लेबल लिहायचं नसतं.

ती जागा तशीच आहे.